दोड्डम्माचं बारसं

कुंजारबेट्टू,
कार्तिक शुद्ध त्रयोदशी

प्रिय सस्मिता,

अनेक आशीर्वाद. पत्र पाहून घाबरू नकोस, इथं सगळे खुशाल आहेत. गाय व्याली, कालवड झाली. तुझं कानडी वाचन अजून पहिलीतल्या मुलासारखं आहे असं श्रीनिधी म्हणाला, म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढते आहे. अडलं तर त्याला विचार, पण सगळं पत्र त्याच्या हातात देऊ नकोस. तो मधलं मधलं गाळून वाचतो, लहानपणापासूनची खोड आहे. कागद देवळाच्या मेळाच्या, म्हणजे आमच्या यक्षगान मंडळीच्या, गेल्या वर्षीच्या जाहिरातींचा आहे. पाठ कोरी आणि कागद इतका गुळगुळीत की टाकवेना. उलटवलास तर महिषासुराची शिंगं दिसतील, दचकू नकोस.

आणखी एक. यातलं पुष्कळसं तुला ठाऊकच आहे, कारण अर्धी गोष्ट तुझ्याच फोनवरून घडली आहे. तरी मी पहिल्यापासून लिहिणार आहे. फोनच्या त्या टोकाला तू होतीस, या टोकाला काय चाललं होतं ते तू पाहिलेलं नाहीस. आणि असं सविस्तर लिहायला दुसरंही कारण आहे, ते शेवटी सांगते. मी दहावी पास बाई, रोजचा जमाखर्च आणि देवाची स्तोत्रं यापलीकडे फारसं लिहिलेलं नाही. चुकलंमाकलं सांभाळून घे.

बिसूच्या सणाला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या दिवशी, श्रीनिधीनं पानावर बसल्या बसल्या सांगून टाकलं, अप्पा, मला लग्न करायचं आहे, मुलगी ओडिशाची आहे, माझ्याच कंपनीत कंप्युटरचं काम करते. मी पायस वाढत होते. पळी तशीच हातात राहिली. यांनी पानातला घास संपवला, पाणी प्यायले, आणि म्हणाले, कार्तिकात मेळ गावोगावच्या खेळांना बाहेर पडतो त्या दिवशी देवीला कौल लावीन. फूल उजवं पडलं तर अक्षता वाटू, डावं पडलं तर विषय संपला. तोवर त्या मुलीचं नाव या घरात काढू नका. श्रीनिधी पुटपुटला, आणि मधेच पडलं तर? हे म्हणाले, तर तू पानावरून ऊठ.

तुला ही थट्टा वाटेल, पण यांच्यासाठी तो शेवटचा शब्द होता. देवीच्या मूर्तीवर आमचे पुजारी अडिग फुलं ठेवतात, आपण मनात प्रश्न धरायचा, उजव्या बाजूचं फूल पडलं तर होकार. आमच्या घरात गाय विकायची की ठेवायची, विहीर कुठं खणायची, सगळं त्या फुलानं ठरलं आहे. माझं पित्ताशयाचं ऑपरेशनसुद्धा फूल उजवं पडलं म्हणून झालं. डावं पडतं तर आजही पोट धरून बसले असते. आणि माझाही विश्वास आहे, म्हणून तर भीती. माणसाला समजावता येतं, फुलाला काय समजावणार? मी गुपचूप नवस बोलले, फूल उजवं पडू दे, तुझ्यापुढं एक यक्षगान करवीन. त्या दिवसापासून संध्याकाळी दिवा लावताना तेवढंच एक मागणं.

मग श्रावणात देवळाच्या ऑफिसात कंप्युटर आले. हे किती वर्षं नवसाच्या खेळांची नोंदणी बघतात ते तू ऐकलं आहेसच. लोक मूल व्हावं म्हणून, दुखणं बरं व्हावं म्हणून नवस बोलतात, मेळाचा एक रात्रभराचा खेळ करवायचा. आणि नवस इतके की आज नाव घातलं तर वीस-बावीस वर्षांनी पाळी येते. इतक्या पुढच्या तारखा वहीत राहीनात म्हणून विश्वस्तांनी पाच कंप्युटर घेतले. चार टेबलांवर आणि एक मोठा, मागच्या नारळाच्या खोलीत. सगळ्या याद्या त्या मोठ्यात, आणि बाकीच्या चारांनी तारेतून त्याच्याकडून मागून घ्यायच्या. ज्यानं ते बसवले तो माणूस प्रसाद घेऊन मंगळूरला गेला, तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी यांनी नोंदणीच्या चित्रावर बोट दाबलं तर पडद्यावर चौकट आली, तिच्यात ढालीचं चित्र. सदाशिव म्हणून कारकून आहे ना, त्यानं वाचून अर्थ सांगितला. ही फाइल कोणी बनवली ते पडताळता येत नाही, अशा फाइलीमुळं कंप्युटरला धोका होऊ शकतो, तरीही उघडायची आहे का? खाली दोन खुणा, हो आणि नको. यांनी हात मागं घेतला. मी तेव्हा ऑफिसच्या ओसरीवरच होते, दुपारी देवीचे हार तिथंच ओवते. हे म्हणाले, हो दाबलं म्हणजे मी ग्वाही दिली. कोणी बनवली ते मला ठाऊक नाही. खोटी ग्वाही कशी देऊ? सदाशिव म्हणाला, राव, फाइल तुमचीच आहे, काल तुम्हीच त्यात नावं घातलीत. हे म्हणाले, मग हा विचारतो कशाला? ज्याअर्थी विचारतो आहे त्याअर्थी रात्रीत काहीतरी झालं असणार.

आणि उठून गेले देवीला कौल लावायला.

खरंच गं. फाइल उघडू की नको म्हणून कौल! त्या दिवशी फूल उजवं पडलं, काम झालं. दुसऱ्या दिवशी चौकट पुन्हा आली, हे पुन्हा उठले. उघडलेली फाइल मिटली की चौकट, दुसऱ्या टेबलावरून यादी मागितली की चौकट. तिसऱ्या की चौथ्या दिवशी फूल डावं पडलं आणि नोंदणीच बंद. कार्कळकडून एक म्हातारी नातवासाठी नवस लिहायला आली होती. सदाशिवनं चाचरत सांगितलं, अज्जी, आज फाइल उघडत नाही, उद्या या. ती म्हणाली, पाळी यायला वीस वर्षं आहेत म्हणतोस, त्यात एक दिवस जास्त, मला काय घाई? आणि ओसरीवर माझ्याजवळ बसून दोन हार ओवून गेली.

अनंत अडिग मात्र वैतागले. पुजारी झाले तरी यांचे शाळूसोबती, तोंडाला काही आवर नाही. म्हणाले, वादिराजराव, देवीनं महिषासुराला मारलं तेव्हासुद्धा तिला इतके प्रश्न कोणी विचारले नव्हते. फुलं आणू तरी कुठून? हे म्हणाले, तुमच्या परसात शेवंती आहे. अडिग म्हणाले, शेवंती आहे, पण बायकोही आहे.

सदाशिवनं वेगळीच युक्ती काढली. कुठंतरी आत शिरून आपल्या कंप्युटरवरची चौकट कायमची बंद करून टाकली. मग बाकीच्या तिघांवरची. राहिला यांचा, त्याला हे हात लावू देईनात. त्यातून रोज वाद. एकाला प्रत्येक फाइलीत चोर दिसायचा आणि दुसऱ्यानं दारच काढून ठेवलेलं. मी श्रीनिधीला फोनवर सांगितलं तर तो हसून हसून खोकायला लागला, आणि म्हणाला, अम्मा, तिला विचारू का? तिचं कामच हे आहे, मोठमोठ्या ऑफिसांतले शेकडो कंप्युटर एकमेकांना नीट ओळखतील असं करणं. मी म्हटलं, विचार. आणि मी यांना काय सांगितलं ठाऊक आहे? बंगळूरात एक बाई आहेत, कंप्युटरच्या, फोनवर शिकवतात. तू म्हणाली होतीस, अम्मा, त्यांनी मला विचारलं तर मी खरं सांगणार. मी म्हटलं, सांग, पण आपण होऊन नको. तेव्हाच तू मला आवडलीस हे आता लिहून टाकते.

तुझा पहिला फोन. हे कानाला लावेनात, स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवलेला. सदाशिव एका बाजूला, मी ओसरीवर, अडिग नैवेद्याचं भांडं घेऊन दारात. आणि तुझा आवाज आला, राव, तू जेवलास?

आमच्याकडं यांना एकेरीत बोलावणारं कोणी उरलेलं नाही. विश्वस्तसुद्धा आपण आपण करतात. सदाशिवनं जीभ चावली. अडिगांचं भांडं हलायला लागलं. तुला बिचारीला आदराचं बोलणं कोणी शिकवलंच नव्हतं, रिक्षावाल्यांकडून आणि भाजीवाल्यांकडून कानडी उचललेलं. हे म्हणाले, जेवलो. आणि तू? मी पाहिलं, मिशीच्या खाली हसत होते. घरी येऊन म्हणाले, आई गेल्यापासून मला असं कोणी विचारलं नव्हतं.

मग सुरू झालं. राव, तू बस. राव, तू डावीकडं बघ. राव, तू घाई करू नकोस. ढाल पिवळी आहे की लाल? सदाशिवनं चौकटी बंद केल्याचं कळल्यावर मात्र तू जे कडाडलीस! तू राखणदाराचं तोंड बांधून ठेवलंस? आत्ता सोड. मी फोन धरून बसते. सदाशिव, जो अध्यक्षांनाही उलट उत्तर देतो, तो मान खाली घालून चारही टेबलं फिरला. हे आरामखुर्चीत टेकून ऐकत होते, जसं काही यक्षगानातलं युद्धच चाललं आहे.

आणि मग तू यांना विचारलंस, राव, तू घरात बायकोला काय म्हणून हाक मारतोस? हे म्हणाले, हाक मारत नाही. खाकरतो. तुला वाटलं फोन बिघडला, तू म्हणालीस, काय करतोस? अडिग दारातून ओरडले, खाकरतो! आणि ती येते! लग्नाला इतकी वर्षं झाली, सगळ्या देवळासमोर अशी शोभा कधी झाली नव्हती. पण राग नाही आला. तू हसत हसत सांगितलंस ते मला शब्दन् शब्द आठवतं. राव, तुझे चार कंप्युटर मागच्या खोलीतल्या मोठ्याला आकड्यानं हाक मारतात. मधे मधे ठिपके असलेला लांब आकडा. असा आकडा ऐकला की त्यांना वाटतं, हे कोणीतरी बाहेरचं आहे, म्हणून ते तुला विचारतात. नावानं हाक मारू दे, ते घरचं समजतील आणि गप्प बसतील. खरोखर बाहेरून काही आलं तर तेव्हा विचारतीलच. ती चौकट मला ठेवायची आहे. तू नाव ठरव.

दोन दिवस यांनी नावावर घालवले. श्रीनिधीच्या वेळी इतका विचार केला नव्हता. अडिग म्हणाले देवीचं ठेवा. हे म्हणाले, आणि सदाशिवनं त्यावर कॉफी सांडली तर? सदाशिव म्हणाला मेळाचं ठेवू, ते यांना पटेना. शेवटी ओसरीवर येऊन मला म्हणाले, मागच्या खोलीत बसून सगळ्यांचं सगळं जपून ठेवणारी कोण असते? मी म्हटलं, दोड्डम्मा. आमच्याकडं मोठ्या काकूला किंवा मोठ्या मावशीला म्हणतात तसं. झालं, तेच ठरलं.

नवरात्रातल्या शुक्रवारी बारसं. तू म्हणालीस पाच मिनिटांचं काम आहे, हे म्हणाले राहुकाल टळू दे. मी गूळपोहे केले, खोबरं देवळातलंच, म्हणून हात राखला नाही. तू बंगळूरातून पडद्यावरचा बाण हलवायला लागलीस. कोणी हात न लावता बाण फिरतोय पाहून अडिगांनी जानवं हातात धरलं. हे नारळाच्या खोलीत गेले आणि म्हणाले, नाव कानात सांगायचं असतं, याचा कान कुठं? सदाशिवनं तार शिरते ती जागा दाखवली. तिथं वाकून यांनी तीनदा सांगितलं, दोड्डम्मा, दोड्डम्मा, दोड्डम्मा. तू तिकडून ओरडलीस, राव, तू कुठं गेलास? मी नाव लिहून संपवलं! मग चारही टेबलांवर जुनी चित्रं काढून नवी ठेवलीस, पुन्हा कोणाला चौकट बंद करता येऊ नये असा नियम पाचांनाही एकदमच लावलास, आणि म्हणालीस, आता उघड. यांनी बोट दाबलं. यादी उघडली. चौकट नाही, ढाल नाही, प्रश्न नाही. बाहेर शेवंतीच्या ढिगाजवळ बसून अडिगांनी देवीला मोठ्यानं नमस्कार घातला.

त्यानंतर यांचा रोजचा फोन. कामाचं निमित्त असायचं, कधी नसायचंही. आज दोड्डम्मा ठीक आहे. आज पाऊस आला, दोड्डम्मावर ताडपत्री घातली. तू म्हणायचीस, राव, ताडपत्री काढ, तिला उकडेल. घरी जेवताना तुझं कौतुक. ती मॅडम असं म्हणाली, ती मॅडम तसं म्हणाली. पुढे मॅडम गळलं आणि ती पोरगी झाली. माझा जीव वर-खाली. एकीकडं हसू यायचं, दुसरीकडं वाटायचं, ज्या मुलीचं नाव घरात काढायचं नाही तिच्याशीच हे तासभर बोलतात, आणि कार्तिकात फूल डावं पडलं तर? दोघांचीही फसवणूक माझ्यामुळंच होईल. एकादशीच्या निर्जळी उपासात हाच विचार तहानेपेक्षा जास्त जाळायचा.

मधे ते झालं, ते तुला आठवत असेल. बारशानंतर बरेच दिवस एकही चौकट आली नव्हती. एका सकाळी सदाशिवनं कंप्युटरवर आलेल्या टपालातली कुठलीशी फाइल दाबली, नाव होतं मेळाच्या तारखांचं, आणि चौकट उभी राहिली. तापल्या तव्यावरून काढावा तसा त्यानं हात काढला. विचारतंय, विचारतंय, म्हणून ओरडला. हे धावले, अडिग ओलेत्यानं धावले, मी हार टाकून उठले. तुला फोन. तू विचारलंस, पाठवणाऱ्याला ओळखतोस? हे म्हणाले, नाही. तू म्हणालीस, मग नको म्हण आणि पुसून टाक. एवढंच. पुढे कळलं, तसलीच फाइल घाटावरच्या कोणा कापडवाल्यानं उघडली आणि त्याची सगळी खाती कुलूपबंद झाली. आमच्या याद्यांत किती घरांचे वीस वीस वर्षांचे नवस आहेत! त्या संध्याकाळी हे झोपाळ्यावर बसले आणि म्हणाले, रोज विचारत होता तेव्हा शेवटी शेवटी कोणी ऐकेनासं झालं होतं. आज एकदाच विचारलं, तर सगळं देऊळ उभं राहिलं. मला वाटलं, कंप्युटरबद्दलच बोलताहेत.

आता परवाचं सांगते. श्रीनिधीनं तुला फोनवर निकाल सांगितला, पण त्याला धड बोलता येत नव्हतं म्हणे.

मेळ बाहेर पडायचा दिवस. अंगणात पेटारे, मुकुट, चेंडे नावाच्या ढोलांचा आवाज, कलावंत देवीपुढं पायात चाळ बांधायला जमलेले. श्रीनिधी पहाटेच्या बसनं आला, चेहरा पांढरा. दुपारच्या पूजेनंतर आम्ही तिघं गाभाऱ्यापुढं उभे राहिलो. अडिगांनी मूर्तीवर फुलं ठेवली, त्यांनाही ठाऊक होतं कशासाठी ते, आज एकही टोमणा नाही. आधी संकल्प, म्हणून त्यांनी नावं विचारली. हे सांगत गेले. वादिराज, पुनर्वसू. वारिजा, रोहिणी. श्रीनिधी, मघा. मग थांबले. मी डोळे मिटले होते. मला वाटलं, आता प्रश्न धरताहेत. तर ऐकू आलं, सस्मिता, अनुराधा.

माझे डोळे उघडले. अडिगांचे मंत्र थांबले. म्हणाले, ही कोण? हे म्हणाले, तुम्ही म्हणा. अडिगांनी म्हटलं, घरच्या नावांच्या ओळीत तुझं नाव देवीच्या कानावर गेलं. मग विचारलं, आता कौल? हे म्हणाले, नको. नको म्हणजे? बिसूपासून सांगताय! हे म्हणाले, ज्याचं उत्तर माझ्याजवळ नाही ते तिला विचारायचं. याचं उत्तर माझ्याजवळ आहे. उगाच तिला शिणवू कशाला? अडिग म्हणाले, हे शहाणपण श्रावणात सुचलं असतं तर माझी शेवंती वाचली असती. श्रीनिधी हसायला गेला आणि रडला. मी मात्र आधी रडले, मग हसले.

घरी येताना मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं? म्हणाले, पहिल्याच दिवशी. 'बंगळूरात एक बाई आहेत' असं तू मला सांगत होतीस आणि हातातल्या वातीला पीळ उलटा देत होतीस. तुला खोटं बोलता येतं का? आणि कुठली कंप्युटरची मॅडम आधी जेवलास का म्हणून विचारते? मी म्हटलं, मग इतके महिने गप्प का बसलात? तर म्हणाले, मला कळलंय हे तिला कळलं असतं, तर ती जपून बोलली असती. कोणाकडून तरी शिकून मला तुम्ही म्हणाली असती. बोलता बोलता यांनी हातातली काठी या हातातून त्या हातात घेतली. नक्षत्र कुठून कळलं म्हणून विचारलं, तर बारशाच्या दिवशी मुहूर्ताचं निमित्त करून तुलाच विचारून घेतलं होतं म्हणे. किती लबाड माणूस आहे बघ. माझा नवसही मी तेव्हाच सांगितला. म्हणाले, उद्या लिहितो, नातवाच्या मुंजीपर्यंत पाळी येईल.

आणि आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. तुझ्या आईंचं श्रीनिधीनं मला सांगितलं आहे. त्यांनी एकटीनं शाळेत शिकवून तुला वाढवलं, आणि त्या म्हणतात, माणसं कोण, कुठली, कशी, काही ठाऊक नाही, देशाच्या दुसऱ्या टोकाला मुलगी कशी देऊ? बरोबर बोलल्या. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं, आणि एवढ्या शांतपणे म्हटलं नसतं. श्रीनिधी म्हणतो, मी जाऊन समजावतो. मी म्हटलं, तू थांब. म्हणून हे पत्र तुझ्या नावावर असलं तरी त्यांच्यासाठी आहे. येत्या सुट्टीत घरी जाशील तेव्हा त्यांच्याजवळ बसून तुमच्या भाषेत वाचून दाखव. चांगलं तेवढंच वाचू नकोस. हे हट्टी आहेत, खाकरतात, फायलींचे कौल लावतात, मी हातचं राखून खर्च करते, तुझ्याबद्दल मी घरात लपवाछपवी केली, सगळं वाच. मग त्यांना विचार, मार्गशीर्षात आम्ही दोघं तुमच्या दारी आलो तर चालेल का? हे आजवर घाट चढून वर गेलेले नाहीत, पण यांनी पिशवी काढून ठेवली आहे. त्या या म्हणाल्या तरच तिकिटं काढू. थांबा म्हणाल्या तर थांबू. आणि आमच्याबद्दल त्यांना आणखी काही विचारायचं असेल तर खुशाल विचारू दे. एकदा नाही, दहादा विचारू दे. मी प्रत्येक वेळी पहिल्यासारखंच उत्तर लिहीन.

तुझीच,
वारिजम्मा